टेकडीवरचे कॉलेज आणि मनीऑर्डरची कुपने

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



आज बक्षिसे वाटण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. खरे सांगावयाचे तर शाळेत असताना मला एकही बक्षीस मिळाले नाही. आमच्या घरात बक्षिसे मिळविली ती माझ्या थोरल्या बहिणीने. तिच्याविषयी मी पुढे बोलणारच आहे.

चिटणीस साहेबांनी पत्रात लिहिले होते की, मुलांना उपदेशाचे चार शब्द सांगा. उपदेश करण्याइतका मी मोठा नाही. गेल्या जानेवारीत, पन्नासाहून अधिक वर्षांनी, मी माझ्या जुन्या कॉलेजात जाऊन आलो. त्याची हकीकत तेवढी सांगतो. त्यात घेण्यासारखे काही असेल तर ते आपण घ्यावे.

माझे कॉलेज म्हणजे जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज. आपल्यापैकी बरेच जण अंधेरी-गोरेगावच्या बाजूला राहतात. रोज गाडीने जाता-येता जोगेश्वरी पूर्वेची ही टेकडी तुमच्या जवळून जाते, पण तिच्यावर काय आहे आणि ते कोणी उभे केले, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून आधी थोडी त्याची माहिती देतो.

सर मोहम्मद युसूफ हे जहाजांच्या व्यवसायातील मोठे गृहस्थ. मुसलमान समाजातील मुलांच्या उच्च शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्यांनी १९१४ साली आठ लाख रुपये सरकारच्या हवाली केले. त्या काळातील आठ लाख, हे लक्षात घ्या. कॉलेजला त्यांच्या वडिलांचे, हाजी इस्माईल युसूफ यांचे नाव मिळाले. पण प्रत्यक्ष कॉलेज उघडले ते १९३० साली. पैसे दिले त्या दिवसापासून पहिला वर्ग भरेपर्यंत सोळा वर्षे गेली. आपल्या संस्थेची नवी इमारत दोन वर्षे रखडली म्हणून आपण निराश होतो, तेव्हा ही सोळा वर्षे आठवावीत. मुंबईच्या उपनगरांतील हे सर्वांत जुने कॉलेज. ते पूर्वीही सरकारी होते आणि आजही सरकारीच आहे.

हेतू आपल्या समाजाच्या मुलांचा होता, तरी टेकडीवर सर्वांना जागा होती. पार्ल्याच्या टिळक विद्यालयातून निघालेले पु. ल. देशपांडे येथेच शिकावयास आले आणि पुढे पुण्यास गेले. कामाठीपुऱ्यात वाढलेले कादर खान येथे शिकले. नंतर ते साबू सिद्दीक संस्थेत इंजिनिअरिंग शिकवू लागले आणि तेथून चित्रपटात गेले. उर्दूचे नामवंत विद्वान प्राध्यापक नजीब अशरफ नदवी यांनी या कॉलेजात अध्यापन केले. एकाच चढाने ही सगळी माणसे वर गेली.

आम्हा कोकणातल्या लोकांना मात्र सर मोहम्मद युसूफ यांचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक होते. न्हावा येथे खलाशांच्या शिक्षणासाठी १९१० साली सुरू झालेले 'रहमान' हे प्रशिक्षण जहाज त्यांचेच. म्हणजे एकाच माणसाने दोन दरवाजे उघडून ठेवले होते, एक समुद्राकडे आणि एक टेकडीकडे. माझ्या घरात याच दोन दरवाजांवरून वाद झाला.

माझे गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठी. वडील बोटीवर आगवाला होते. इंजिनाच्या भट्टीपुढे वीस वर्षे उभे राहून ते छातीचा विकार घेऊन घरी परतले. मी १९६९ साली एस.एस.सी. झालो तेव्हा त्यांचे म्हणणे सरळ होते. खलाशाचा परवाना काढायचा, ज्याला आपल्याकडे नल्ली म्हणतात, आणि बोटीवर जायचे. घरात खाणारी माणसे सात, त्यामुळे त्यांचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही.

माझ्या बाजूने बोलली ती आपा. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सातवीच्या परीक्षेत ती केंद्रात पहिली आली होती. पण हायस्कूल चार मैलांवर होते. मुलीने खाडीच्या वाटेने रोज जायचे-यायचे ते कोणाबरोबर, असा प्रश्न निघाला आणि तिची शाळा तेथेच संपली. दोन वर्षांनी मी त्याच वाटेने एकटा जाऊ लागलो, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

आपा वडिलांना म्हणाली, "अब्बा, ई.बी.सी.ची सवलत आहे. फी पडणार नाही. खाण्याचे पैसे मी पाठवीन." ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत होते, त्यांच्या मुलांना ही सवलत मिळे. तिने स्वतः तलाठ्याकडे खेपा घालून उत्पन्नाचा दाखला आणला. घरी कोंबड्या होत्या, त्यांची अंडी ती विकी. दुपारी सुईने टोप्या विणी, त्या बाजाराच्या दिवशी दापोलीला जात. त्यातून महिन्याला पंचवीस रुपयांची मनीऑर्डर येई.

पावसाळा सुरू झाल्याने बोटी बंद होत्या. पत्र्याची एक ट्रंक घेऊन मी एस.टी.ने मुंबईस आलो. राहावयास डोंगरीला गाववाल्यांची खोली होती. तेथे बोटीवरून उतरलेले आणि बोटीवर चढणार असलेले असे पंधरा-वीस जण पथारी टाकत. पहाटे उठून मी प्रिन्सेस स्ट्रीटने चालत मरीन लाइन्स स्टेशनवर येई आणि धीम्या गाडीने जोगेश्वरीस उतरे. त्या वेळी टेकडीवरून भोवताली मोकळी जमीन दिसे आणि झाडीतून वारा येई. डोंगरीच्या खोलीतून आलेल्या मुलाला तो वारा म्हणजे मोठीच चैन वाटे.

पण वर्गात शिरलो की ती चैन संपे. माझे सारे शिक्षण मराठीतून झालेले आणि येथे व्याख्याने इंग्रजीत. पहिले दोन महिने मला अर्थशास्त्राच्या तासाचे ओ की ठो कळले नाही. या अडचणीतून मला बाहेर काढले ते आपाने, आणि तेही नकळत.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटे कुपन असे. पैसे पाठविणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहाव्यात, पोस्टमन ते फाडून आपल्याला देई. आता ती कागदी मनीऑर्डर राहिली नाही, म्हणून मुलांसाठी हे सांगावे लागते. पहिल्याच कुपनावर आपाने लिहिले होते, "पंचवीस पाठवले. सर काय शिकवतात ते लिहून पाठव." मग दर आठवड्यास मी आंतर्देशीय पत्रावर तिला धडा लिहू लागलो. तिला समजेल अशा मराठीत लिहावयाचे म्हणजे आधी ते मला समजले पाहिजे. त्यासाठी मी मित्रांना विचारी, शब्दकोश पाही, तास संपल्यावर सरांच्या मागे जाई. बहिणीसाठी लिहिता लिहिता मी शिकलो.

ती नुसती वाचत नसे. घटत्या फलाचा नियम मी चांगला पानभर समजावून लिहिला. कुपनावर उत्तर आले, "आपल्या वरकस जमिनीत तिसऱ्या टोपलीच्या खताने काही होत नाही, हे आजीला ठाऊक होते. साहेबाने नाव दिले एवढेच." माल्थसचा लोकसंख्येचा सिद्धान्त कळविला तेव्हा तिने लिहिले, "माल्थस साहेबांना आपल्याकडे जेवायला बोलाव. पाने मोजतील." आमच्या सरांना मी हे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "या बाईंना कॉलेजात का पाठवले नाही?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर चारचौघांत सांगितलेले नाही. १९७१ साली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना, मी सहामाही परीक्षेत नापास झालो. खानावळीचे बिल थकले होते. घरून वडिलांच्या आजाराची बातमी होती. खोलीत रोज कोणीतरी म्हणे की, एवढ्यात तुझी एक सफर झाली असती. मी कॉलेजला जाणे बंद केले आणि मशीद बंदरच्या एका गुदामात मालाची नोंद करण्याचे काम धरले. रोजचे तीन रुपये मिळत. डिसेंबरात युद्ध सुरू झाले. रात्री सगळी मुंबई अंधारात असे, खिडक्यांना काळे कागद लावलेले. त्या अंधारात मला आपला निर्णय शहाणपणाचा वाटे.

घरी मात्र मी काही कळविले नाही. दर आठवड्यास आंतर्देशीय पत्र जातच होते. पुस्तकातला एखादा भाग उतरवून काढावयाचा आणि 'आज सरांनी शिकविले' असे वर लिहावयाचे. दोन महिने हा प्रकार चालला.

जानेवारीत मनीऑर्डर आली ती तीस रुपयांची. कुपनावर लिहिले होते, "तुझ्या पत्रात आता सरांचा आवाज येत नाही, पुस्तकाचा येतो. कॉलेजात जातोस ना? पाच जास्त पाठवले आहेत."

मित्रांनो, सातवी शिकलेल्या त्या मुलीने खाडीकाठी बसून माझी चोरी पकडली होती. मी रात्रभर जागा होतो. दुसऱ्या दिवशी गुदामात न जाता मी मरीन लाइन्सला आलो. टेकडीचा चढ त्या दिवशी जितका अवघड वाटला, तितका पूर्वी कधी वाटला नव्हता. हजेरी कमी पडली होती, टर्म मिळणार की नाही याची भीती होती. सरांपुढे उभा राहिलो आणि खिशातले कुपन त्यांच्या हाती दिले. दुसरे काय सांगावे हे सुचले नाही. त्यांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "उद्यापासून पहिल्या बाकावर बसा. राहिलेला भाग मी रोज कॉलेज सुटल्यावर अर्धा तास घेईन. आणि त्यांना पत्र खरे लिहा." १९७३ साली मी बी.ए. झालो. पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे, सगळे त्या अर्ध्या तासातून निघाले असे मी मानतो.

गेल्या जानेवारीत आपा अंधेरीस माझ्याकडे राहावयास आली. वय पंचाहत्तर. एक दिवस म्हणाली, "मला ती टेकडी दाखव." एवढ्या वर्षांत ती कैकदा मुंबईस आली, लग्नांना आली, दवाखान्यासाठी आली, पण तिला कॉलेज दाखवावे असे माझ्या मनात आले नाही, याची मला लाज वाटली.

आम्ही गुंदवलीहून मेट्रोने निघालो. तिसरेच स्टेशन जोगेश्वरी पूर्व. खालून हायवेची वाहने धावत होती आणि भोवताली उंच इमारती उठल्या होत्या. मी ओळखीची मोकळी जमीन शोधत होतो, ती दिसली नाही. रिक्षा करून आम्ही फाटकापर्यंत गेलो. सुटीचा दिवस होता. पहारेकऱ्याला मी सांगितले की, आम्ही येथले जुने विद्यार्थी. 'आम्ही' हा शब्द तोंडातून सहज गेला. त्याने आपाकडे पाहून आदराने वाट दिली.

चढावर मीच दोनदा थांबलो. आपा म्हणाली, "तू लिहिले होतेस, चढताना दम लागत नाही म्हणून." मी म्हणालो, "तेव्हा लागत नव्हता." ती म्हणाली, "बरं."

वर पोहोचल्यावर ती मला विचारीत गेली आणि मी दाखवीत गेलो. वाचनालय कोणत्या अंगाला, नोटिशी कोठे लागत, डबा खाण्यासाठी आम्ही कोठे बसत असू. मी विसरलेल्या गोष्टी तिला ठाऊक होत्या. इंटरच्या परीक्षेच्या वेळी माझे पेन कोणी आणून दिले, एका पावसात वर्गात पाणी आले तेव्हा तास कोठे घेतला, हे तिने मला सांगितले. माझी पत्रे तिने इतक्यांदा वाचली होती की, माझे कॉलेज माझ्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात होते.

एका वर्गाचे दार उघडे होते. ती आत जाऊन दुसऱ्या बाकावर बसली. फळ्यावर आदल्या दिवसाचे काही आकडे राहिले होते, ते तिने नीट पाहिले. मी विचारले, "आपा, ते जास्तीचे पाच रुपये तेव्हा कोठून आणले होतेस?" हा प्रश्न मी पन्नास वर्षांत विचारला नव्हता. टोप्या जास्त विणल्या असतील, असे मी आपले धरून चाललो होतो.

ती म्हणाली, "माझे साठवलेले होते. बाहेरून मॅट्रिकला बसायचे मनात होते. पुस्तके घेणार होते. मग ते तुझ्याकडे पाठवले, आणि पुढच्या वर्षी लग्न झाले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अंड्यांचा हिशेब सांगावा तसे तिने ते सांगितले आणि उठून खिडकीशी गेली. मला मात्र त्या बाकावर बसवेना. माझ्या पदवीसाठी तिने पैसे पाठविले हे मला माहीत होते. त्या पैशात तिचे मॅट्रिक होते, हे माहीत नव्हते. आणि ते पैसे लागले का? कारण मी दोन महिने खोटी पत्रे लिहिली.

पालकहो, हे सारे आपल्यापुढे सांगण्याचा हेतू आता सांगतो. बहिणीच्या त्यागाची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांत पाणी येते, आपण त्या बहिणीला दुवा देतो आणि घरी जातो. घरी गेल्यावर मुलगी दहावी झाली, आता पुरे, असे म्हणावयास आपण मोकळे असतो. मला ते पाणी नको आहे. ज्या मुलीला कुपनाच्या दोन बोटे जागेत अर्थशास्त्राचे उत्तर देता येत होते, तिला चार मैलांची सोबत मिळाली नाही, एवढ्या कारणावरून आमच्या घराने एक प्राध्यापक गमावला. तो त्याग नव्हता. तो आमचा निष्काळजीपणा होता, आणि त्यात माझाही वाटा आहे.

आज त्या वेळची कारणे पुष्कळशी उरलेली नाहीत. चार मैलांचे अंतर या उपनगरात कोठे आहे? ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी-बारावीस बसता येते. मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ साली स्थापन झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला. तेव्हा आपल्या घरी, शेजारी, इमारतीत अशी कोणी मुलगी किंवा सून असेल तर तिला आज विचारा की, तुझे राहिलेले शिक्षण कोठवर होते. माझ्यासारखी पन्नास वर्षे थांबू नका.

आणि मुलग्यांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यापैकी कोणी परीक्षेत नापास झाला असेल, कोणी वर्गात जाणे सोडून एखाद्या दुकानात उभा राहत असेल आणि घरी तसे सांगत नसेल. मी तेच केले होते, म्हणून तुम्हाला रागावण्याचा अधिकार मला नाही. एवढेच सांगतो की, घरी जे पैसे तुम्हाला मिळतात, ते कोणाच्या तरी राहिलेल्या पुस्तकांचे असू शकतात. खरे सांगा. खरे सांगितले की वाट निघते. कोणी तरी शिक्षक अर्धा तास देतो. आपल्या शाळेतही असे शिक्षक आहेत, हे मी आज येथे आल्यावर पाहिले आहे.

१९१४ साली एका माणसाने दिलेल्या पैशातून १९३० साली दरवाजा उघडला आणि १९६९ साली त्यातून मी आत गेलो. मी दात्याला पाहिले नाही, त्याने मला पाहिले नाही. पण दरवाजा उघडा असला तरी त्यापर्यंत मुलाला पोहोचविणारे घरातले माणूस लागते. आपल्या संस्थेने दरवाजा उघडलेला आहे. दोघांनाही, मुलाला आणि मुलीलाही, तेथवर आणून सोडण्याचे काम आपले आहे.

आपा आज येथे आलेली नाही, गावी गेली आहे. जाताना तिने बजावले की, तेथे काय बोललास ते मला लिहून पाठव. म्हणूनच आज मी तोंडी न बोलता हे सारे कागदावर उतरवून आणले आहे. आपण टाळ्या वाजविल्यात की नाही, हेही तिला खरे तेच कळवीन.



जय हिंद, जय महाराष्ट्र.